पुळणीचा जमाखर्च

रायपूर शहर समुद्रापासून फार दूर आहे. सरळ रेषेत मोजले, तरी बंगालच्या उपसागराचा सर्वांत जवळचा किनारा येथून सुमारे चारशे किलोमीटरांवर भरतो. छत्तीसगढात वाढलेल्या पुष्कळ मुलांना समुद्राचे पहिले दर्शन घडते ते जगन्नाथपुरीच्या यात्रेत. अशा मुलास समुद्राचे खारे पाणी नवे वाटते, लाटांचा गंभीर ध्वनी नवा वाटतो. पायांखालची वाळू मात्र ओळखीची वाटते. राजिमच्या संगमावर, माघी पौर्णिमेच्या जत्रेत, अशीच वाळू त्याने तुडविलेली असते.

हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर जी वाळू पसरलेली आहे, तिचा मोठा हिस्सा नद्यांनी आणून टाकलेला आहे. त्या नद्यांपैकी सर्वांत मोठी जी महानदी, तिच्या पाणलोटक्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग छत्तीसगढात आहे. तेव्हा समुद्रकिनाऱ्याचा आकार कसा बदलतो आणि का बदलतो, हा विषय रायपूरच्या वाचकाला वाटतो तितका परका नाही. किनाऱ्याच्या खात्यावर जी जमा पडते, तिचा एक मोठा भाग याच प्रदेशातून रवाना होत असतो.

पुळण म्हणजे काय?

समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यास मराठीत ‘पुळण’ असा एक नेमका शब्द आहे. किनारा खडकाळही असू शकतो, चिखलाचाही असू शकतो. पुळण मात्र सुट्या कणांचीच असते. हे कण बहुधा वाळूचे असतात. ज्यांचा व्यास मिलिमीटराच्या सोळाव्या हिश्श्याहून मोठा आणि दोन मिलिमीटरांहून लहान, त्या कणांना भूशास्त्रज्ञ वाळू म्हणतात. त्याहून मोठी ती रेव आणि त्याच्याही पुढचे ते वाटोळे गोटे. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर वाळूच्या पुळणी पुष्कळ आणि गोट्यांच्या क्वचित. इंग्लंडसारख्या थंड प्रदेशांत मात्र कित्येक कोस पसरलेल्या गोट्यांच्या पुळणी आढळतात.

पुळण पाहताना आपण सहसा कोरडी वाळू आणि ओली वाळू एवढेच पाहतो. वास्तविक तिचे तीन भाग असतात. सर्वांत वर, उधाणाचे पाणीही जेथे एरवी पोहोचत नाही, तेथे वाऱ्याने उडविलेल्या वाळूच्या टेकड्या असतात. त्यांवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, असा तिचा अर्थ. मधला भाग म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याने रोज भिजणारा उतार. आणि तिसरा भाग पाण्याखाली दडलेला असतो. तेथे लाटा फुटतात आणि तेथेच वाळूचे लांबट दांडे तयार होतात. टेकडी, उतार आणि पाण्याखालचा दांडा हे तीन डबे एकाच कोठाराचे आहेत. वाळू या डब्यातून त्या डब्यात सतत जात-येत असते. ही गोष्ट ध्यानात आली, की पुळणीचे पुष्कळसे वर्तन आपोआप उलगडते.

चढते पाणी आणि उतरते पाणी

भर समुद्रात लाट पुढे जाताना दिसते, परंतु तेथील पाणी लाटेबरोबर फारसे पुढे जात नाही. ते जागच्या जागी गोल फिरते. लाट उथळ पाण्यात शिरली, की हे फिरणे तळाशी घासू लागते, लाटेचा पाय अडखळतो आणि माथा पुढे झेपावतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट उरली, की लाट फुटते. या क्षणापासून पाणी खरोखरच पुढे धावते. ते उतारावर चढते, थबकते आणि गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येते.

पुळणीचा सारा इतिहास या दोन हालचालींत सामावलेला आहे. चढते पाणी वाळू वर आणते. उतरते पाणी ती खाली नेते. दोहोंचा जोर सारखा असेल, तर पुळण आहे तशी राहते. चढत्या पाण्याचे पारडे जड झाले, तर पुळण भरते. उतरत्याचे झाले, तर ती झिजते.

येथे कणांच्या आकाराला फार महत्त्व येते. घराच्या बांधकामासाठी आणलेल्या खडीच्या ढिगावर बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते क्षणात ढिगाच्या पोटात नाहीसे होते. तेच पाणी बारीक ओल्या वाळूवर ओतले, तर ते पृष्ठभागावरून वाहत खाली येते. गोट्यांच्या पुळणीवर हेच घडते. लाट गोटे घेऊन जोराने वर चढते. परंतु उतरण्याच्या वेळी तिचे बरेचसे पाणी गोट्यांमधील पोकळ्यांत मुरून गेलेले असते. उतरत्या पाण्यास गोटे माघारी नेण्याइतका जोर उरत नाही. परिणामी गोटे वरच रचले जातात आणि उतार उभा होतो. बारीक वाळूच्या पुळणीचा उतार एक ते तीन अंशांचा, म्हणजे जवळजवळ सपाट असतो. गोट्यांच्या पुळणीचा उतार वीस अंशांपर्यंतही जातो. पुळणीचा उतार पाहून तेथील कणांचा अंदाज करता येतो, तो याच कारणाने.

समुद्र कणांची निवडही करतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चेसिल नावाची सुमारे एकोणतीस किलोमीटर लांबीची गोट्यांची पुळण आहे. तिच्या पश्चिम टोकाचे खडे वाटाण्याएवढे आहेत आणि पूर्वेकडे जावे तसतसे ते वाढत जाऊन शेवटी मुठीएवढे होतात. काळोख्या रात्री किनाऱ्यास लागलेले कोळी हाताने गोटे चाचपून आपण कोठे उतरलो हे ओळखीत, असे तेथे सांगतात. आपल्या रत्नागिरीतही अशा निवडीचा एक नमुना आहे. रत्नदुर्गाच्या एका अंगाच्या समुद्रास तेथील लोक ‘पांढरा समुद्र’ म्हणतात आणि दुसऱ्या अंगाच्या, मांडवीकडील समुद्रास ‘काळा समुद्र’. पाणी दोहींकडे एकच. वाळू मात्र वेगळी. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट नावाच्या काळ्या, जड खनिजाचे प्रमाण अधिक आहे. लाटा हलके पांढरे कण पाखडून नेतात आणि जड काळे कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडताना कोंडा उडून दाणे उरतात, तसाच हा प्रकार होय.

पावसाळ्यातील पुळण आणि हिवाळ्यातील पुळण

कोकणातील एकाच गावची पुळण आषाढात आणि माघात पाहिली, तर ती दोन निराळ्या ठिकाणची आहे असे वाटेल. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की उंच आणि एकामागून एक घाईने येणाऱ्या लाटा किनाऱ्यावर आदळू लागतात. एका लाटेचे पाणी मुरण्यापूर्वीच दुसरी येऊन थडकते. पावसाने वाळू आधीच भिजून तुडुंब झालेली असते. त्यामुळे उतरते पाणी प्रबळ ठरते. पुळण अरुंद होते, तिचा माथा कापला जातो आणि एरवी वाळूखाली दडलेले काळे खडक उघडे पडतात.

ही वाळू नाहीशी झाली, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तिचा बराचसा भाग थोड्या अंतरावर, पाण्याखालच्या दांड्यात जाऊन बसलेला असतो. हा दांडा एक मोठेच काम करतो. मागाहून येणाऱ्या लाटा त्याच्यावर अडखळून किनाऱ्यापासून दूरच फुटतात आणि त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे पुळण आपलीच वाळू पुढे पाठवून स्वतःसाठी बांध घालते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो. हिवाळ्यातील लांब, सखल लाटा दांड्यातील वाळू थोडी थोडी करून पुन्हा वर आणून टाकतात. माघापर्यंत पुळण पूर्ववत रुंद झालेली असते.

वादळात वाळूच्या टेकड्याही याच हिशेबात उतरतात. लाटा टेकडीचा पायथा कापतात, ती वाळू खाली येते आणि दांड्यात भर पडते. टेकडी ही अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे. ती सपाट करून तेथे रस्ता किंवा इमारत उभी केली, तर संकटाच्या दिवशी खात्यात काढावयास काहीच उरत नाही. पक्की भिंत लाट अडविते खरे, परंतु ती दांड्याला वाळू देऊ शकत नाही. उलट तिच्यावर आपटून परतणारे पाणी पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते.

किनाऱ्याने चालणारी वाळू

आतापर्यंत आपण वाळूचे वर-खाली होणे पाहिले. तिला आणखी एक गती आहे. लाटा किनाऱ्यावर क्वचितच अगदी समोरून येतात. बहुधा त्या तिरप्या येतात. तिरपी लाट कणास तिरपा वर ढकलते, परंतु उतरते पाणी त्यास उताराच्या दिशेने सरळ खाली आणते. पुढची लाट पुन्हा तिरपा ढकलते. अशा रीतीने करवतीच्या दात्यांसारख्या वाटेने तो कण किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकत राहतो. एकेक कण दिवसाकाठी किती चालतो याचा हिशेब क्षुल्लक वाटेल. सर्व कणांची बेरीज केली, म्हणजे ती वाळूची नदीच असते.

कोकणात डोंगरांचे सुळके समुद्रात घुसलेले असल्याने ही नदी जागोजाग अडते आणि प्रत्येक गावची पुळण बहुतांशी आपल्यापुरती राहते. पूर्व किनाऱ्याचे तसे नाही. ओडिशाचा किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबवर मोकळा पसरला आहे. मोसमी वाऱ्यांच्या लाटा दक्षिणेकडून तिरप्या येतात आणि वाळू ईशान्येकडे नेतात. पारादीपपाशी दर वर्षी अशी सुमारे दहा लाख घनमीटर वाळू पुढे सरकते, असा अंदाज अभ्यासकांनी केलेला आहे.

या चालत्या वाळूने ओडिशाचा नकाशा वारंवार बदलला आहे. चिलिका सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा जो लांब दांडा आहे, तो याच प्रवाहाने घातलेला. दांडा वाढत गेला, सरोवराचे मुख ईशान्येकडे ढकलले गेले आणि अरुंद झाले. समुद्राचे पाणी आत येईना, सरोवराचा खारेपणा उतरला, मासळी घटली आणि हजारो कोळी कुटुंबांच्या पोटावर पाय आला. अखेर सप्टेंबर २००० मध्ये सरोवराला नवे मुख खोदून देण्यात आले आणि मासळी पुन्हा वाढली. याच्या उलट स्थिती कोणार्कची. तेराव्या शतकात सूर्यमंदिर बांधले गेले तेव्हा समुद्र त्याच्या बराच जवळ होता, असे मानतात; आज तो सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. नद्यांनी आणलेल्या गाळाने व वाळूने तेथे भूमी पुढे सरकली. एके ठिकाणी समुद्र मागे हटतो आणि दुसरीकडे पुढे येतो, हे परस्परविरोधी वाटले, तरी हिशेब एकच आहे: जेथे येणारी वाळू जाणाऱ्या वाळूहून अधिक, तेथे भूमी वाढते, जेथे कमी, तेथे घटते.

जमा कोठून होते?

आता या हिशेबाच्या जमेच्या बाजूकडे वळू. धमतरी जिल्ह्यात, नगरीजवळच्या सिहाव्याच्या डोंगराळ भागात महानदी उगम पावते. तेथील खडक मुख्यतः ग्रॅनाइटाचा आहे. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी ग्रॅनाइट कुजतो. त्यातील मऊ खनिजांची माती होते. परंतु क्वार्ट्झ, म्हणजेच आपली गारगोटी, तेवढी टिकून राहते. हेच कण वाळू होऊन नदीत उतरतात. रायपूरच्या भोवतालचा चुनखडक फरशीसाठी आणि सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची वाळू फारशी होत नाही. चुना पाण्यात विरघळून जातो. नदीच्या पात्रात मूठभर वाळू उचलून भिंगाखाली पाहिली, तर तिच्यात चकाकणारे अर्धपारदर्शक कणच अधिक दिसतील.

राजिमला पैरी आणि सोंढूर या नद्या महानदीला मिळतात. रायपूरच्या महादेव घाटावरून वाहणारी खारून शिवनाथेला मिळते आणि शिवनाथ पुढे शिवरीनारायणच्या परिसरात महानदीत येते. हसदेव, मांड अशा उपनद्या आपापली भर टाकतात. उगमापासून पारादीपच्या मुखापर्यंत महानदीची लांबी साडेआठशे किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. वाळूचा कण हा प्रवास एका दमात करीत नाही. एका पुरात तो काही अंतर जातो, ओसरत्या पाण्यात एखाद्या वाळवंटात विसावतो आणि पुढच्या पुराची वाट पाहतो. उन्हाळ्यात आपल्याला नदीच्या पात्रात जे विस्तीर्ण वाळवंट पडलेले दिसते, ते निरुपयोगी पडून राहिलेले नसते; ते वाटेवरच्या मुक्कामाला थांबलेले असते.

जमा घटली, खर्च वाढला

महानदीचे पूर पूर्वी भयंकर असत. कटकच्या सखल प्रदेशाची त्यांनी अनेकदा दैना केली. त्यांस आवर घालण्यासाठी, शेतीला पाणी आणि उद्योगांना वीज मिळावी यासाठी संबळपूरजवळ हिराकूड धरण बांधण्यात आले. १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पुढे धमतरीजवळ गंगरेलचे रविशंकर सागर धरण झाले. या धरणांनी लक्षावधी लोकांचे जीवन सुसह्य केले, यात शंका नाही. परंतु धरणाच्या शांत पाण्यात शिरताच नदीचा वेग मोडतो आणि तिने वाहून आणलेले कण तळाशी बसतात. पाणी सांडव्यावरून पुढे जाते; वाळू मागे राहते. महानदी समुद्राला जो गाळ देत असे, तो धरणांच्या काळात निम्म्याहून अधिक घटला, असे मोजणीवरून दिसून आले आहे.

दुसरी घट माणसाच्या बांधकामांची आहे. काँक्रीटला नदीची वाळू लागते. वाळवंटातील वाऱ्याने घासलेली वाळू फार गुळगुळीत असल्याने ती या कामास सहसा चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात दर वर्षी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यानंतर रायपूरचा आणि शेजारच्या नव्या राजधानीचा जो विस्तार झाला, त्यालाही रेती लागलीच. घर बांधणे हा गुन्हा नव्हे. परंतु नदी एका वर्षात जितकी रेती आणते, तिच्याहून अधिक उचलली, तर पात्र खोल जाते, काठ ढासळतात, विहिरींची पातळी उतरते आणि खालच्या प्रदेशाला पोहोचावयाचा वाटा वाटेतच संपतो. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

तिसरा बदल खुद्द किनाऱ्यावर झाला. १९६६ मध्ये पारादीप बंदर सुरू झाले. जहाजांना निवारा मिळावा म्हणून समुद्रात दगडी धक्के घालण्यात आले. किनाऱ्याने ईशान्येकडे चालणारी वाळू दक्षिणेकडच्या धक्क्याशी अडून साचू लागली आणि उत्तरेकडची पुळण उपाशी राहून झिजू लागली. तेथे दगडांची संरक्षक भिंत बांधावी लागली आणि अडलेली वाळू यंत्रांनी पलीकडे नेण्याची व्यवस्था करावी लागली.

पारादीपच्या उत्तरेस, केंद्रापाडा जिल्ह्यात, सातभाया नावाचे ठिकाण आहे. सातभाया म्हणजे सात भाऊ. ही सात गावे होती. गेल्या शंभर वर्षांत समुद्राने एकामागून एक गाव घेतले. शेते गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, घरे मागे मागे हलवावी लागली. शेवटी उरलेल्या पाचशेहून अधिक कुटुंबांना राज्य सरकारने आतल्या बाजूस बागपाटिया येथे नेऊन वसविले. तेथील पंचुबाराही देवीची पूजा कोळी समाजातील विवाहित स्त्रियाच करीत आलेल्या आहेत; २०१८ मध्ये देवीलाही आपले जुने ठाणे सोडावे लागले. सातभायाच्याही उत्तरेस गहिरमथा येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे लाखोंच्या संख्येने अंडी घालण्यास येतात. त्यांनाही रुंद, उंच पुळण लागते. तेथील वाळूचा दांडा वादळांनी तोडून त्याची बेटे केली आहेत.

सातभायाच्या नाशाचे खापर एकाच कारणावर फोडणे न्याय्य होणार नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढली. त्रिभुज प्रदेशाची मऊ भूमी स्वतःच्या भाराने खचत असते. नवा गाळ येत राहिला, तरच ती पातळी राखते. या किनाऱ्यावर चक्रीवादळेही वारंवार येतात. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. परंतु खात्यात भरपूर शिल्लक असणारी पुळण वादळातून सावरते आणि रिकाम्या खात्याची पुळण सावरत नाही, हा भेद राहतोच. देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून अभ्यास झाला, तेव्हा त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे आढळले. एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग वाढत होता आणि उरलेला जवळजवळ स्थिर होता.

हॉलसँड्सचा धडा

वाळूचे खाते रिकामे केल्यास काय होते, याचे एक स्पष्ट उदाहरण इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात आहे. तेथे हॉलसँड्स नावाचे कोळ्यांचे एक लहान गाव कड्याच्या पायथ्याशी वसलेले होते. त्याच्यासमोर गोट्यांची रुंद पुळण होती. १८९७ मध्ये प्लिमथ येथील आरमारी गोदीच्या विस्तारासाठी समोरच्या उथळ समुद्रातून गोटे उपसण्यास प्रारंभ झाला. समुद्र नवे गोटे आणून खड्डा भरून काढील, अशी त्या वेळच्या जाणत्यांची समजूत होती. परंतु ते गोटे फार प्राचीन काळी साचलेले होते. नवी भर येतच नव्हती. पुळण खाली बसू लागली. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, चौकशी झाली आणि १९०२ मध्ये उपसा थांबला. तोवर साडेसहा लाख टन गोटे गेलेले होते. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री वादळ आणि भरती एकाच वेळी आली. माणसे वाचली, परंतु गाव उद्ध्वस्त झाले. राहण्याजोगे एकच घर उरले.

या हकीकतीतील शिकण्याजोगी गोष्ट ही, की उपसा आणि नाश यांच्यामध्ये पंधरा वर्षे गेली. खाते रिकामे होते त्याच दिवशी संकट येत नाही. ते पुढच्या मोठ्या वादळात येते, आणि तेव्हा जुन्या उपशाची आठवण फार थोड्यांना असते.

उपाय कोणते?

गेलेली पुळण परत आणता येते, याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. पुदुच्चेरीचा सुंदर किनारा १९८० नंतरच्या दशकात बंदराचे धक्के बांधल्यावर नाहीसा झाला आणि तेथे केवळ दगडांचा ढीग उरला. चेन्नई येथील राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक बांध घातला आणि किनाऱ्यावर वाळू टाकली. २०१८ मध्ये हा बांध पुरा झाला व शहरास पुन्हा पुळण दिसू लागली. धक्क्यामागे अडलेली वाळू पलीकडे नेऊन टाकणे, टेकड्यांवरील वेली आणि झुडपे राखणे, किनाऱ्याजवळचे बांधकाम मागे ठेवणे, हेही उपाय सर्वत्र मान्य झालेले आहेत.

तथापि सर्वांत स्वस्त उपाय समुद्रापासून दूर करावयाचा आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली. केंद्र सरकारने २०१६ आणि २०२० मध्ये वाळू उपशासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचे सार साधे आहे: पुरात नदी किती रेती आणते हे आधी मोजावे आणि त्या मर्यादेतच उचलावी. दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढला, तर नदीवरचा भार आणखी हलका होईल. यांतील मोजणीचे काम मात्र बहुधा मागे पडते. जमा किती हे ठाऊक नसताना खर्चाची मर्यादा कोणी व कशी घालावी?

पुळण मोजावी कशी?

अशी मोजणी शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येते. अमेरिकेतील समुद्रशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये पुळणीचा उतार मोजण्याची एक अत्यंत सोपी रीत प्रसिद्ध केली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्याव्यात, त्यांवर वरून खाली सेंटिमीटरांच्या खुणा कराव्यात आणि त्या ठरावीक लांबीच्या दोरीने जोडाव्यात. एक काठी वर आणि दुसरी समुद्राच्या बाजूस उभी धरावी. वरच्या काठीपाशी उभ्या असलेल्या मुलाने खालच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवून पाहावे. त्याची नजर आपल्या काठीवर ज्या खुणेतून जाईल, तेवढा त्या अंतरातील उतार. मग दोन्ही काठ्या एक दोरी पुढे न्याव्यात आणि पुन्हा मोजावे. पाण्यापर्यंतची सारी मापे कागदावर मांडली, म्हणजे पुळणीचा छेद तयार होतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी हेच मोजमाप केले, तर वाळू कोठून कोठे गेली हे डोळ्यांना दिसते.

रायपूरच्या शाळांना क्षितिज नसले, तरी नदी आहे. एखाद्या पुलाच्या खांबाजवळ जाणे निर्धोक असेल अशा कोरड्या दिवसांत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, खांबावरच्या एका ठरलेल्या खुणेपासून रेतीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. एक माप पावसाळ्याच्या तोंडी घ्यावे, दुसरे पूर ओसरल्यावर. खांबाच्या पायथ्याशी पाण्याच्या भोवऱ्याने खळगा पडतो, म्हणून माप खांबापासून काही पावले दूर घेणे बरे. दर वर्षीच्या या दोन आकड्यांपुढे दिनांक, मोजणाऱ्यांची नावे आणि जागेचे वर्णन लिहून वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. पहिल्या एक-दोन वर्षांत तीतून फारसे निष्पन्न होणार नाही, कारण एखादे वर्ष मोठ्या पुराचे असते, एखादे अवर्षणाचे. दहा वर्षांची पाने भरली, म्हणजे त्या जागी रेती टिकून आहे की पात्र खोल जात आहे, हे त्या गावाला स्वतःच्या आकड्यांनी सांगता येईल.